वाचकांचे प्रश्न : तापलेला स्लॅब, ओली भिंत आणि ओट्याची उंची

वैशाखात या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा असते : घरात जरा बरे वाटावे म्हणून काय विकत घ्यावे? या वेळी निवडलेल्या पत्रांना उत्तरे देताना खरेदीचा विचार शेवटी ठेवला आहे, कारण त्रास घरात नेमका कोठून शिरतो हे कळण्याआधी केलेला खर्च बहुधा पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागतो. पहिल्या दोन पत्रांतील कामे पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकण्याजोगी आहेत, म्हणून त्यांना जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : आम्ही नागपुरात चार मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. दिवसभर कूलर चालतो आणि रात्री एका खोलीत एसी लावतो, तरीही रात्री अकरा वाजेपर्यंत छत तापलेलेच असते आणि एसी बंद केला की अर्ध्या तासात खोली पुन्हा पहिल्यासारखी होते. शेजारी फॉल्स सीलिंग करून घ्या असे सांगतात. ते करावे, की जास्त क्षमतेचा एसी घ्यावा?
– एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : या दोन्हींपैकी काहीही ठरवण्यापूर्वी एकदा दुपारी गच्चीवर जाऊन यावे. नागपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश असल्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेथे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्याच्या आगेमागे कित्येक आठवडे भिंतींवर पडणारे ऊन तिरके आणि काही तासांपुरते असते, गच्चीवर मात्र ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडते आणि भर दुपारी अगदी उभे पडते. आकाश निरभ्र असताना अशा दुपारी दर चौरस मीटरवर ९०० ते १,००० वॅट इतकी सौरऊर्जा पोहोचते, म्हणजे गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर जणू एक इस्त्री चालू करून ठेवलेली असते. काळपट पडलेला सिमेंटचा पृष्ठभाग यातील फार तर तिसरा हिस्सा परत फेकतो. उरलेली उष्णता पाच-सहा इंच जाडीच्या स्लॅबमध्ये मुरते आणि ती खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. दुपारी गच्चीत शिरलेली उष्णता म्हणूनच दिवेलागणीनंतर आपल्या अंथरुणावर उतरते, आणि बाहेरची हवा निवू लागलेली असताना आतले छत तापलेले राहते. एसी खोलीतील हवा थंड करतो आणि छत ती पुन्हा तापवते. एसी मोठा घेतला तरी हीच ओढाताण अधिक वीज खर्चून चालू राहील.

आपल्याकडच्या जुन्या घरांनी हा प्रश्न वरच्या वरच सोडवला होता. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे, जो दिवसाचे ऊन आत पोहोचूच देत नसे. कौलारू घरात कौले आणि माळा यांच्यामध्ये मोकळी जागा असे, आणि तेथे तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाई. सिमेंटच्या स्लॅबने दरवर्षी कौले परतण्याची कटकट संपवली खरी, पण ही आवरणेही काढून घेतली. तेव्हा आज करायचे काम इतकेच आहे की त्यांच्या जागी दुसरे काहीतरी द्यायचे, आणि तेही स्लॅबच्या वरच्या बाजूला.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला पांढरा रंग. नवा पांढरा थर सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ऊन परत फेकतो. कळीचा चुना रात्रभर भिजवून, कापडातून गाळून, त्यात रंगकामाचा डिंक मिसळून दोन-तीन हात मारले तर खर्च मुख्यतः मजुरीचाच येतो; मात्र चुना विरतो तेव्हा पाणी उकळू लागते आणि डोळ्यांत गेल्यास तो गंभीर इजा करतो, म्हणून हे काम हातमोजे व चष्मा घालूनच करावे आणि मुलांना गच्चीवर येऊ देऊ नये. हा चुना एका पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी होळीनंतर पुन्हा लावावा लागतो. बाजारात मिळणारा उष्णता-परावर्तक रंग महाग असतो, पण तो काही वर्षे टिकतो. कोणताही थर निवडला तरी धूळ साचली की त्याचा गुण उतरतो, हे रंगवाले सांगत नाहीत. उन्हाळ्यात दोन-तीनदा गच्ची झाडून पुसून घ्यावी. अहमदाबादेने २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये आपला उष्णता कृती आराखडा तयार केला, आणि पुढे तेथे वस्त्यांमधील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम त्याला जोडले गेले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. एवढ्या उपायाने खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरले तरी समाधान मानावे. रात्री झोप लागते की नाही, हे पुष्कळदा तेवढ्याच फरकावर ठरते.

गच्चीची दुरुस्ती तशीही निघालीच असेल तर कोब्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या फुटक्या टाइल्सचा थर, म्हणजे कारागीर ज्याला चायना मोझॅक म्हणतात तो, करून घ्यावा. त्याने गळती आणि उष्णता या दोहोंवर उपाय होतो. गच्ची सामाईक असल्यामुळे यासाठी सोसायटीची संमती लागेल. ती मिळवताना आपल्या झोपेचा मुद्दा बाजूला ठेवून स्लॅबच्या आयुष्याचा मुद्दा मांडावा, कारण रोज तापून आणि निवून स्लॅबला पडणाऱ्या बारीक भेगा हा सर्वांच्याच खिशाचा प्रश्न आहे. सोसायटी सौर पॅनेल बसवण्याचा विचार करीत असेल तर ती उंच सांगाड्यावर बसवण्याचा आग्रह धरावा. वीज मिळतेच, शिवाय खालून हवा खेळती राहून गच्चीला सावलीही होते. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारण्याची वैदर्भीय पद्धत शास्त्राला धरून आहे, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून जाताना उष्णता घेऊन जाते. पण ज्या महिन्यात इमारतीत टँकर येतो त्या महिन्यात तिची शिफारस करणे मला योग्य वाटत नाही.

फॉल्स सीलिंगविषयी माझे मत प्रतिकूल आहे. स्लॅब आणि जिप्समचे पत्रे यांच्यातील हवेच्या थरामुळे उष्णता थोडी अडते हे मान्य, पण तोवर ती इमारतीच्या आत आलेली असते. खोलीची उंची कमी होते, पंखा डोक्याशी येतो, आणि पावसाळ्यात स्लॅब पाझरू लागला तर तो दिसण्याआधी सीलिंगच कुजते. गच्चीला हात लावण्याची परवानगी कोणत्याही प्रकारे मिळत नसेल तरच त्याचा विचार करावा, आणि तेव्हाही वर उष्णतारोधक थर घातल्याशिवाय ते करू नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पश्चिमेच्या खिडकीला पडदा बाहेरून लावावा, मग तो वाळ्याच्या ताट्यांचा असो, बांबूच्या चिकाचा असो की शेडनेटचा. काचेच्या आत जाड पडदा लावल्याने ऊन दिसत नाही एवढेच, उष्णता खोलीत आलेली असते. मे महिन्यात नागपुरात दुपारी ४२-४३ अंश आणि पहाटे २८ च्या आसपास तापमान असते, त्यामुळे सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या लावून घ्याव्यात आणि रात्री बाहेरची हवा आतल्याहून थंड झाल्यावरच त्या उघडाव्यात. कूलर मात्र याला अपवाद आहे : तो चालू असताना समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवेच, नाहीतर दमट झालेली हवा खोलीतच कोंडते आणि तासाभरात कूलरचा उपयोग संपतो. याच कारणासाठी कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी लावू नयेत. एसी २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावणे पुरेसे होते. पंखा हवा थंड करीत नाही, तो घाम वाळवून माणसाला थंड करतो. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या दुसऱ्या मजल्यावरील घरात शयनगृहाच्या पश्चिमेकडील भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. दर दिवाळीला आम्ही ओल-प्रतिबंधक म्हणून विकला जाणारा रंग लावतो आणि पुढच्या श्रावणापर्यंत त्याचे पोपडे निघतात. कपाटातील कपड्यांनाही कुबट वास येतो. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर याच भिंतीला लागून असल्यामुळे दोष त्यांचा आहे असे आम्हाला वाटते, पण ते ऐकून घ्यायला तयार नाहीत. काय करावे?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : वरच्या कुटुंबावर ठपका ठेवण्याआधी आपल्या पत्रातीलच दोन शब्द पुन्हा वाचावेत, असे मी सुचवीन : ‘पश्चिमेकडील’ आणि ‘पावसाळ्यात’. मुंबई-ठाण्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो प्रामुख्याने नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यासोबत भिंतीवर आपटतो. न्हाणीघर बारा महिने वापरात असते. तेथील गळती असेल तर जानेवारीतही भिंत ओलसर लागायला हवी. ती डिसेंबर ते मे या काळात कोरडी ठणठणीत असेल, तर पाणी बहुधा बाहेरून येत आहे.

तरीही अंदाजावर थांबू नये, कारण पुढचा सारा खर्च या निदानावर अवलंबून आहे. भिंतीवर ओल दिसत असताना हातभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येत आहे; खोलीकडच्या बाजूला असतील तर ती घरातील हवेतील बाष्पाची आहे. वरच्या न्हाणीघराची परीक्षाही अवघड नाही : पाणी जाण्याची जाळी बंद करून, फरशीवर दोन इंच रंगीत पाणी चोवीस तास साठवून ठेवावे आणि खाली रंग उतरतो का ते पाहावे. ही परीक्षा भर उन्हाळ्यात घेतली तर पावसाच्या पाण्याशी तिची गल्लत होत नाही. ‘तुमच्यामुळे गळते’ असे म्हणण्यापेक्षा ‘एक दिवस परीक्षा करून पाहू, म्हणजे तुमचाही प्रश्न सुटेल’ असे म्हटले तर शेजारी ऐकण्याची शक्यता अधिक, निदान माझा अनुभव तरी असा आहे.

पाणी बाहेरून येत असल्याचे दिसले तर त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत तापल्यावर सारख्या प्रमाणात पसरत नाहीत, म्हणून त्यांच्या सांध्यावर उभी किंवा आडवी भेग पडते. हे सर्वांत नेहमीचे कारण. खिडकीच्या कट्ट्याचा उतार आतल्या बाजूला असणे, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसणे, एसीच्या नळीसाठी पाडलेले भोक नीट न बुजवणे आणि सांडपाण्याच्या पाइपापाशी उगवलेले पिंपळाचे रोप ही बाकीची कारणे. पिंपळ वरवर उपटून भागत नाही, मुळासह काढून ती जागा बुजवावी लागते, नाहीतर तो पुढच्या वर्षी हजर होतो. भेगांवर नुसता रंग फिरवणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नये. भेग खाचेसारखी उघडून, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरून, खांब-भिंतीच्या सांध्यावर जाळी ठोकून मग गिलावा करायला हवा आणि शेवटी बाहेरून लवचीक रंगाचे थर द्यायला हवेत. हे काम भिंत पूर्ण कोरडी असतानाच टिकते, म्हणून ते मे महिन्यात व्हावे. जून उजाडल्यावर केलेली दुरुस्ती म्हणजे पाणी आत कोंडून घेणे होय.

खर्च कोणी करायचा, हा यापुढचा प्रश्न. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक बाह्य नळांची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. तेव्हा छायाचित्रे जोडून सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

आपल्या दिवाळीच्या रंगाबद्दल बोलायचे तर तो निकृष्ट असेलच असे नाही, तो चुकीच्या बाजूला लागतो आहे. भिंतीत बाहेरून आलेले पाणी आतल्या बाजूने वाळू पाहते. रंगाच्या रबरासारख्या थराने त्याची वाट अडवली की पाण्यासोबत आलेले क्षार थराच्या मागे साचतात, लोणा फुटतो आणि पोपडा सुटतो. या वर्षी बाहेरचे काम झाल्यावर आतला सुटलेला गिलावा खरवडून काढावा आणि भिंत एक पावसाळाभर रंगाविना तशीच राहू द्यावी. दिसायला वाईट दिसेल. पण दुरुस्ती यशस्वी झाली की नाही, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही. ती कोरडी राहिली तर पुढच्या दिवाळीला, भिंतीतील बाष्प बाहेर पडू देणारा साधा रंग किंवा चुना लावावा.

कपाटाचा वास हा कदाचित वेगळाच प्रश्न असेल. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या कपाटामागे हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात तेथे बुरशी धरते. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढावे, ते बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीला लावता आले तर फारच चांगले. त्याच खोलीत दोरीवर ओले कपडे वाळत घालणे शक्य तेवढे टाळावे, कारण त्यांतील सगळे पाणी हवेत आणि हवेतून भिंतीवर जाते. कापराच्या वड्यांनी वास झाकला जातो, ओल जात नाही. घरात कोणाला दमा असेल तर बुरशी कोरडी असताना झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

प्रश्न : आमच्या पुण्यातील घराचे स्वयंपाकघर नव्याने करीत आहोत. ओट्याची उंची चौतीस इंच ‘ठरलेली’ असते असे मिस्त्री सांगतात. माझी उंची चार फूट अकरा इंच आणि सुनेची पाच फूट सहा इंच आहे. जुन्या ओट्यावर माझे खांदे भरून येत आणि तिची कंबर दुखे. दोघींना सोयीचे होईल असे काही करता येईल का?
– एक गृहिणी, पुणे

उत्तर : चौतीस इंच ही सरासरी आहे, आणि आपल्या घरात सरासरी उंचीचे कोणीच दिसत नाही. ओट्याचे माप जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीवरून काढावे. ताठ उभे राहून हात कोपरात काटकोनात दुमडल्यावर कोपर जितक्या उंचीवर येते, त्याहून चार ते सहा इंच खाली चिरण्या-निवडण्याचा पृष्ठभाग असावा. साधारण अंदाजाने आपल्यासाठी तो ३१ ते ३३ इंच आणि सूनबाईंसाठी ३६ ते ३८ इंच येईल. प्रत्यक्ष माप मात्र टेपनेच, आणि स्वयंपाकघरात जे काही पायांत घालता ते घालून घ्यावे.

पण ओट्यावर एकच काम होत नाही, आणि मिस्त्री नेमके हेच विसरतात. पोळ्या लाटताना आणि कणीक मळताना अंगाचा भार खाली द्यावा लागतो, त्यात पोळपाटाची उंची भर घालते. म्हणून त्यासाठी पृष्ठभाग आणखी खाली हवा. उलट भांडी घासताना हात सिंकच्या तळापर्यंत जातात आणि तो तळ ओट्यापेक्षा सात-आठ इंच खाली असतो, म्हणून सिंकची कड उंच असलेली चांगली. शेगडी ओट्यावर ठेवली तर कढईची कड ओट्याच्या किती तरी वर जाते. आपले खांदे भरून येतात ते बहुधा यामुळेच, आणि सूनबाईंची कंबर दुखते ती सिंकपाशी वाकून.

तेव्हा ओटा एका सपाटीत करण्याचा हट्ट सोडावा. शेगडीची बाजू ३१ इंचांवर, सिंकची बाजू ३६ इंचांवर आणि खिडकीजवळ दोन-अडीच फूट रुंदीचा, २९ इंचांचा एक खालचा टप्पा लाटण्या-मळण्यासाठी, अशी रचना दोघींना पुष्कळशी सोयीची होईल; सूनबाई लाटायला उभ्या राहतील तेव्हा तो टप्पा त्यांना ठेंगणा वाटेल, तेथे त्यांच्यासाठी जाड लाकडी पाट पोळपाटाखाली ठेवता येईल. शेगडी आणि सिंक यांच्यातील पायरी मात्र शेगडीला अगदी लागून नको, निदान दीड फूट सपाट जागा तेथे राहू द्यावी, कारण तापलेले पातेले उचलून ठेवायला ती लागतेच. ग्रॅनाइट कापून आणण्यापूर्वी घरातील टेबलावर पुस्तकांच्या थप्प्या आणि वर फळी ठेवून चार दिवस तशा उंचीवर चिरून आणि लाटून पाहावे.

दोन लहान गोष्टी राहतात. ओट्याखालच्या कपाटांना जमिनीलगत तीन-चार इंच आत घेतलेली खाच ठेवावी, म्हणजे पाऊल आत जाऊन शरीर ओट्याजवळ येते. ती नसेल तर माणूस दिवसभर पुढे झुकून काम करतो. आणि वरच्या कपाटांच्या तळाला एक दिवा लावावा, कारण छताच्या मधोमध लावलेला दिवा आपल्याच डोक्याची सावली विळीवर पाडतो.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे असून साताऱ्याजवळ गावातील जुन्या घरात एकटे राहतात. न्हाणी मुख्य घरापेक्षा एक पायरी खाली आहे, शहाबादी फरशी आहे आणि उंबरा उंच आहे. मागच्या महिन्यात ते घसरता घसरता वाचले. पाश्चात्त्य पद्धतीचे नवे न्हाणीघर बांधून द्यावे असा विचार आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : नवे न्हाणीघर जरूर बांधावे, पण त्याला तीन-चार महिने लागतील आणि धोका आजचा आहे. म्हणून या आठवड्यात करण्याच्या गोष्टी आधी. शहाबादी फरशी शेवाळाने गुळगुळीत होते. ती ब्लीचिंग पावडरने घासून घ्यावी आणि पाथरवटाकडून वर हलकी टाकी लावून घ्यावी, म्हणजे पावलाला पकड मिळेल. पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा, कारण उतारवयात करड्या दगडातील पायरी मंद उजेडात दिसतच नाही. आंघोळीसाठी चार पायांना रबरी टोप्या असलेले, पाठ टेकता येईल असे प्लॅस्टिकचे मजबूत आसन द्यावे. पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळणारा लहान दिवा हवा आणि त्या वाटेवर सतरंजीची दुमडलेली कडा किंवा लोंबती वायर नको.

पायरीपाशी आणि शौचकुपाशेजारी धरण्यासाठी स्टीलचे दांडे बसवावेत. टॉवेल टांगायचा दांडा या कामाचा नाही, घाईत धरला की तो हातात येतो. जुन्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत साधे स्क्रू टिकत नाहीत, तेथे जमिनीत पक्का रोवलेला उभा खांबच करावा. नवे न्हाणीघर बांधताना कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटरवर ठेवावी, उंबरा घालूच नये आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. कडी अशी घ्यावी की ती बाहेरूनही उघडता येईल.

पत्रात वडिलांचे स्वतःचे म्हणणे कोठे दिसले नाही. आयुष्यभर उकिडवे बसण्याची सवय असलेल्या अनेक वृद्धांना कमोड नकोसा वाटतो आणि मग ते नवी सोय सोडून मागच्या जुन्या संडासातच जातात. बांधकामाच्या आधी त्यांना कमोडची खुर्ची, जी औषधांच्या मोठ्या दुकानांत भाड्यानेही मिळते, महिनाभर वापरून पाहू द्यावी.

प्रश्न : नाशिकमध्ये आमच्या घरासमोरचा रस्ता रुंद झाल्यापासून रात्रभर अवजड वाहनांचा आवाज येतो. जाड पडदे लावले, उपयोग झाला नाही. आणखी जाड लावावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. पडद्याने खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरून येणारा फारसा अडत नाही. आवाज हवेच्या वाटेने येतो, आणि सरकत्या खिडक्यांच्या कडांना ती वाट कायम मोकळी असते. आधी फटींतील झिजलेल्या ब्रश-पट्ट्या बदलाव्यात, दाराखालची फट बंद करावी, आणि खर्चाची तयारी असेल तर रस्त्याकडच्या एकाच खिडकीला रबरी पट्टीवर घट्ट बसणारी, बिजागरीची, लॅमिनेटेड काचेची खिडकी करून घ्यावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, परंतु हमरस्त्यालगत ती पाळली जात असल्याचे क्वचितच दिसते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये. अडचण अशी की खिडकी घट्ट बंद केली की एप्रिल-मेमध्ये खोली तापते. त्यामुळे घराच्या मागच्या बाजूला एखादी खोली असेल तर झोपण्याची खोली आणि बैठकीची खोली यांची अदलाबदल करून पाहावी. सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वाधिक गुणकारी उपाय हाच आहे, आणि पाहुणे काय म्हणतील या शंकेपोटी तो फार थोडे लोक करतात.

प्रश्न : घरातील हवा शुद्ध राहावी म्हणून किती कुंड्या ठेवाव्यात?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : जितक्या आवडतील तितक्या. झाडे हवा शुद्ध करतात ही समजूत मुख्यतः अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या १९८९ मधील प्रयोगांवरून पसरली, पण ते प्रयोग हवाबंद पेट्यांत झाले होते. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, आणि तेवढ्या झाडांत आपल्याला राहायला जागा उरणार नाही. हवेसाठी खिडकी उघडावी, मन रमते म्हणून झाडे लावावीत. फक्त कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओतून ती बशी घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नागपूरच्या वाचकांनी उन्हाळा संपल्यावर कूलरच्या टाकीबाबतही हेच करावे.